घड्याळ पंधरा मिनिटे पुढे गेले, तर: नेपाळच्या प्रवासात रोमिंगचे बिल कसे टाळावे

मुंबई-पुण्याकडून रेल्वेने गोरखपूरला उतरून, तिथून सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता कापून सोनौलीला पोहोचलेल्या यात्रेकरूंना नेपाळची पहिली खूण सीमेवरच्या कमानीवर दिसत नाही, ती हातातल्या फोनवर दिसते. नेपाळची प्रमाणवेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटांनी पुढे आहे. फोन आपली वेळ आपणच लावून घेण्याच्या सेटिंगवर असेल आणि त्याने पलीकडच्या टॉवरशी संधान बांधले असेल, तर घड्याळ अचानक पाव तासाने पुढे सरकते. आमच्या गटाचा मुक्काम सीमेच्या अलीकडे, म्हणजे भारतातच होता आणि तरीही एका काकांचा पहाटे पाचचा गजर पावणेपाचला वाजला. त्या वेळी सर्वांनी हसून विषय सोडून दिला. महिनाअखेरीस काकांचे बिल आले, तेव्हा त्यात नेपाळात पाऊल टाकण्याच्या आदल्या रात्रीचे आंतरराष्ट्रीय रोमिंग दिसले. वर्षभरापूर्वी मुलाकडे सिंगापूरला जाताना सुरू करून घेतलेली सेवा परत आल्यावर बंद करायची राहून गेली होती, एवढेच त्यामागचे कारण होते.

रोमिंगचे मोठे बिल बहुधा आपण केलेल्या फोनमुळे येत नाही, आपल्या नकळत फोनने केलेल्या उद्योगांमुळे येते, असे माझे मत या आणि अशा इतर अनुभवांवरून बनले आहे. म्हणून कोणते पॅक स्वस्त, या प्रश्नापाशी सुरुवात न करता, कोणत्या सिमने कोणते काम करायचे आणि कोणते अजिबात करायचे नाही, हे घर सोडण्यापूर्वी ठरवावे. नेपाळपुरते माझे उत्तर साधे आहे. भारतीय सिम फोनमध्ये राहू द्यावे, पण ते केवळ बँकेचे संदेश घेण्यासाठी. इंटरनेट आणि स्थानिक फोन यांसाठी नेपाळी सिम घ्यावे आणि घरी बोलायचे ते इंटरनेटवरून बोलावे. पुढे लिहिले आहे ते हे उत्तर प्रत्यक्षात कसे आणावे याविषयी.

दोन वेगवेगळ्या कळा

'माझे रोमिंग बंद आहे' असे सांगणाऱ्या दहा जणांपैकी बहुतेकांच्या मनात दोन भिन्न गोष्टींचा गोंधळ असतो. पहिली गोष्ट म्हणजे आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा. ही मोबाइल कंपनीकडे आपल्या क्रमांकावर सुरू किंवा बंद केलेली असते. ती बंद असेल, तर परदेशातले जाळे, म्हणजे नेटवर्क, आपले सिम स्वीकारतच नाही. मग कॉल नाही, संदेश नाही, इंटरनेट नाही आणि बिलही नाही. दुसरी गोष्ट म्हणजे फोनच्या सेटिंगमधली 'डेटा रोमिंग' ही कळ. ती केवळ इंटरनेटपुरती असते. ती बंद ठेवली तरी पहिली सेवा सुरू असेपर्यंत कॉल येत राहतात, आणि परदेशात असताना येणारा कॉल घेतला तरी पैसे पडतात. भारतात येणारे कॉल फुकट असण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, नेमके हेच वाक्य बहुतेकांच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून ते पुन्हा लिहितो: रोमिंगमध्ये उचललेल्या कॉलचे पैसे उचलणाऱ्याच्या माथी येतात.

फोनमधली दुसरी कळ अनेकांकडे कायम सुरूच असते, आणि त्यालाही कारण आहे. देशांतर्गत रोमिंगचे वेगळे पैसे आता पडत नाहीत. दुसऱ्या राज्यात गेल्यावर इंटरनेट चालेना, की कोणीतरी जाणकार 'डेटा रोमिंग चालू करून बघा' असे सुचवतो, इंटरनेट सुरू होते आणि ती कळ पुढे वर्षानुवर्षे तशीच राहते. नेपाळला निघण्याआधी ती स्वतः उघडून पाहावी. दोन सिमच्या फोनमध्ये ती प्रत्येक सिमसाठी वेगळी असते, त्यामुळे एक बंद केली म्हणजे दोन्ही बंद झाल्या असे समजू नये.

घरून निघण्याआधी

प्रीपेड ग्राहकाचे नुकसान साधारणतः खात्यात असलेल्या शिलकेपुरते मर्यादित राहते, कारण शिल्लक संपली की सेवा थांबते. पोस्टपेड ग्राहकाला असा बांध नसतो. शिवाय परदेशातली कंपनी आपल्या वापराच्या नोंदी आपल्या कंपनीकडे मागाहून पाठवते, त्यामुळे आजच्या वापराचा आकडा आजच ॲपमध्ये दिसेल याची खात्री नसते. म्हणून पोस्टपेड असणाऱ्यांनी निघण्याच्या चार-पाच दिवस आधी कंपनीच्या ॲपवर किंवा ग्राहक सेवा केंद्रात जाऊन आपल्या क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा सुरू आहे की बंद, हे पाहून घ्यावे. बँकेचे संदेश नको असतील, तर ती सरळ बंद ठेवावी. यापेक्षा निर्धास्त उपाय दुसरा नाही. संदेश हवे असतील, तर सेवा सुरू करून घेताना काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: रोमिंगमध्ये येणाऱ्या संदेशाला पैसे पडतात का, कोणतेही पॅक न घेता नुसती सेवा सुरू ठेवता येते का, आणि वापर सुरू होताच एखादे पॅक आपोआप लागू होते का. येणारा संदेश सहसा मोफत असतो आणि पाठवलेल्या संदेशाला पैसे पडतात, परंतु हे आपल्या योजनेपुरते लेखी पाहून घेतलेले बरे. चॅटवर विचारले असेल, तर उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवावा. पुढे वाद झाला, तर तोच उपयोगी पडतो.

त्यानंतर एक अशी गोष्ट करायची, जी मी आजवर कोणत्याही सहल कंपनीच्या सूचनापत्रकात पाहिलेली नाही, ती म्हणजे कॉल फॉरवर्डिंग रद्द करणे. समजा, आपण फोन उचलला नाही तर कॉल आपल्याच दुसऱ्या क्रमांकावर किंवा व्हॉइसमेलवर वळवण्याची सोय सुरू आहे. पुण्याहून कोणी फोन लावला, तर तो कॉल आधी नेपाळातल्या आपल्या फोनपर्यंत येतो, आपण तो न उचलल्यामुळे पुन्हा भारतात परत वळतो, आणि येण्या-जाण्याचे दोन्ही पैसे आपल्या खात्यावर पडू शकतात. म्हणजे न उचललेल्या कॉलचेही बिल. हे टाळण्यासाठी भारतात असतानाच फोनच्या डायलपॅडवर ##००२# टाइप करून कॉलची कळ दाबावी, म्हणजे सर्व प्रकारचे फॉरवर्डिंग एका फटक्यात रद्द होते आणि तसा संदेश पडद्यावर दिसतो. घरी परतल्यावर हवे असल्यास ते पुन्हा लावता येते.

फोनच्या इतर आवराआवरीला घरच्या वाय-फायवर अर्धा तास पुरतो. काठमांडू, पोखरा आणि वाटेतल्या भागाचे नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवावेत. तिकिटे, हॉटेलची आरक्षणे आणि विम्याचा कागद मेलमध्ये राहू न देता फोनमध्ये जतन करावा. फोटोंची साठवण आणि ॲपची अद्ययावतीकरणे 'फक्त वाय-फायवर' या पर्यायावर आणावीत. व्हॉट्सॲपमध्ये फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवण्याची सोय बंद करावी, कारण कुटुंबाच्या गटावर रोज सकाळी येणारी सुप्रभातची फुले आणि देवदर्शनाचे व्हिडिओ सीमेपलीकडेही तितक्याच निष्ठेने येत राहतात.

सीमेजवळ

भारत आणि नेपाळ यांच्यातली सीमा साडेसतराशे किलोमीटरहून अधिक लांब आणि खुली आहे. रेडिओ लहरींना तर सीमेवरचा खांब मुळीच दिसत नाही. सोनौली-बेलहिया किंवा रक्सौल-वीरगंज यांसारख्या जोडगावांत दोन्ही देशांचे टॉवर एकाच वेळी पकडले जातात. उलट दिशेनेही हे घडते, म्हणजे बेलहियाच्या बाजारात काही वेळ भारतीय जाळे मिळत राहते. ते मिळाले तर आनंदाने वापरावे, परंतु त्याच्या भरवशावर राहू नये, कारण ते कोणत्या वळणावर सुटेल आणि फोन कोणत्या जाळ्यात जाईल हे आपल्याला कळत नाही.

यावर उपाय म्हणजे जाळे स्वयंचलित निवडण्याची सोय बंद करून आपल्या कंपनीचे नाव हाताने निवडणे. फोनच्या सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क किंवा नेटवर्क ऑपरेटर्स या ठिकाणी 'आपोआप निवडा' असा पर्याय असतो. तो बंद केल्यावर फोन काही मिनिटे शोध घेऊन आसपासच्या कंपन्यांची यादी दाखवतो, आणि त्यातली आपली कंपनी निवडली की तो पलीकडच्या टॉवरकडे झेप घेत नाही. सीमेच्या अलीकडे मुक्काम असेल तर हे गोरखपूर सोडतानाच करून टाकावे. घड्याळाची खूण मात्र एकटी पुरेशी धरू नये, कारण काही फोन ठिकाण ओळखूनही वेळ बदलतात. घड्याळ हलले की पडद्याच्या वरच्या पट्टीत कंपनीचे नाव काय दिसते आणि सिग्नलच्या दांड्यांजवळ 'आर' हे रोमिंगची खूण असलेले इंग्रजी अक्षर आले आहे का, ते पाहावे.

नेपाळला जायचे नाही, असे म्हणणाऱ्यांनीही हा भाग वाचावा, अशी माझी विनंती आहे. दार्जिलिंगजवळच्या संदकफूच्या पदभ्रमणाला महाराष्ट्रातून बरेच गिर्यारोहक जातात. ती वाट सिंगालीला डोंगररांगेच्या माथ्यावरून, सीमेच्या या बाजूने त्या बाजूला नागमोडी जाते, आणि मुक्कामाचे प्रसिद्ध ठिकाण असलेले तुमलिंग हे नेपाळात येते. आदि कैलासच्या वाटेवरच्या धारचुल्यात काली नदी ओलांडली की समोर नेपाळचे दार्चुला आहे. त्यावरच्या व्यास खोऱ्यात भारतीय जाळे नसल्यामुळे आपल्याच गावांतले लोक अनेक वर्षे नेपाळी सिम वापरत होते. अशा ठिकाणी प्रवाशाच्या मनात परदेश नसतो, फोनच्या मनात मात्र असतो. डोंगरात जाळे हवे तेव्हाच फोन उघडावा आणि एरवी तो विमान स्थितीत ठेवावा, याने बॅटरीही टिकते.

नेपाळी सिम घेताना

नेपाळात प्रवाशाच्या उपयोगाच्या दोन मोबाइल कंपन्या आहेत, नेपाल टेलिकॉम आणि एनसेल. पहिली प्रामुख्याने सरकारी मालकीची आहे. काठमांडू, पोखरा, लुंबिनी, चितवन एवढाच फेरा असेल तर दोन्हींपैकी कोणतीही चालते. मुक्तिनाथ किंवा त्याहून आडवाटेला जायचे असेल तर सामान्यतः नेपाल टेलिकॉमचा पल्ला अधिक मानला जातो. मोठ्या गटाने दोन्ही कंपन्यांची एकेक सिम घेतली, तर एकीचे जाळे गेल्यावर दुसरीचे कामी येते. सहा जणांच्या कुटुंबाला सहा सिमांची गरज नसते, दोन पुरतात.

सिमसाठी ओळखपत्र, छायाचित्र आणि अर्ज लागतो. भारतीयांना नेपाळात जाण्यासाठी व्हिसा लागत नाही आणि पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र चालते. पंधरा वर्षांखालील आणि पासष्ट वर्षांवरील प्रवाशांना आधारसारख्या अन्य ओळखपत्रांवरही प्रवेश मिळतो. पण प्रवेशाला चालणारा कागद सिम विकणाऱ्याला चालेलच असे नाही. म्हणून ज्याच्याकडे पासपोर्ट आहे त्याच्याच नावावर सिम घ्यावे, आणि सोबत दोन पासपोर्ट आकाराची छायाचित्रे व ओळखपत्राची छायाप्रत ठेवावी. सीमेवर छायाप्रतीसाठी दुकान शोधत फिरणे म्हणजे बसमधल्या चाळीस जणांचा राग ओढवून घेणे असते. विमानाने जाणाऱ्यांना काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर सिमचे काउंटर मिळतात. रस्त्याने जाणाऱ्यांनी बेलहियातल्या पहिल्याच टपरीऐवजी पुढच्या भैरहवा शहरातल्या, कंपनीच्या अधिकृत दुकानातून घेतलेले बरे. नेपाळी भाषेची लिपी देवनागरीच असल्याने पाट्या वाचण्याची अडचण येत नाही. 'पसल' म्हणजे दुकान, एवढे कळले की 'मोबाइल पसल' शोधणे सोपे जाते.

किंमत विचारताना कोणत्या रुपयांत, हे आधी विचारावे. शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये, असा दर कायमचा ठरलेला आहे. सीमेजवळचे दुकानदार भारतीय चलनाला 'आयसी' आणि नेपाळी चलनाला 'एनसी' म्हणतात. दुकानदाराने नुसते 'तीनशे' म्हटले आणि आपण भारतीय तीनशे दिले, तर एकशे ऐंशी नेपाळी रुपये जास्त गेले, हे हिशेब केल्यावरच लक्षात येते.

सिम हातात पडले म्हणजे काम झाले, असे समजू नये. दुकानातच ते फोनमध्ये घालून इंटरनेट सुरू झाले का, घेतलेले पॅक किती दिवसांचे आणि किती जीबीचे आहे, ते कंपनीच्या संदेशात दिसते का, आणि आपला नवा क्रमांक कोणता, हे पाहूनच बाहेर पडावे. मूळ शिलकेतून इंटरनेट वापरले तर पैसे झपाट्याने जातात, त्यामुळे पॅक लागू झाल्याचा संदेश येईपर्यंत मोबाइल डेटा सुरू करू नये. नवे सिम घातल्यावर व्हॉट्सॲपने क्रमांक बदलायचा का असे विचारले, तर नाही म्हणावे. व्हॉट्सॲप जुन्या भारतीय क्रमांकावरच राहते आणि नेपाळी इंटरनेटवर विनातक्रार चालते.

यानंतर फोनच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटासाठी नेपाळी सिम निवडावे आणि भारतीय सिमचे डेटा रोमिंग बंद असल्याची पुन्हा खात्री करावी. इथे एक छुपी खोच आहे. अनेक नव्या फोनांमध्ये एका सिमचे जाळे कमकुवत झाले की इंटरनेट आपोआप दुसऱ्या सिमवर नेण्याची सोय असते. काठमांडूच्या वाटेवर मुग्लिनच्या पुढे नदीकाठच्या घाटात नेपाळी जाळे गेले आणि ही सोय सुरू असली, तर फोन उपकार केल्याच्या थाटात भारतीय सिमकडे वळतो. डेटा रोमिंग बंद असेल तर तो तिथेच अडतो, तरीही ही स्वयंचलित सोय मुळातच बंद करणे चांगले.

हॉटस्पॉटवरून घरातल्या इतरांना इंटरनेट देताना निराळी काळजी घ्यावी लागते. जोडलेल्या फोनांना आपण वाय-फायवर आहोत असे वाटते, म्हणून 'फक्त वाय-फायवर' राखून ठेवलेली सारी कामे, म्हणजे दिवसभराचे फोटो चढवणे आणि ॲप अद्ययावत करणे, ती नेमकी याच वेळी हाती घेतात आणि आठवड्याचे पॅक एका संध्याकाळी संपवतात. अँड्रॉइड फोनवर त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये ती मोजून वापरायची असल्याचा पर्याय निवडता येतो, आयफोनवर लो डेटा मोड सुरू करता येतो.

ज्यांच्या फोनमध्ये ई-सिमची, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायच्या सिमची, सोय आहे, त्यांना भारतातूनच प्रवासी ई-सिम विकत घेता येते. कागदपत्रांचा आणि दुकानाचा त्रास वाचतो, मात्र नेपाळपुरते ते स्थानिक सिमपेक्षा सहसा महाग पडते आणि बहुतेक वेळा त्यात फक्त इंटरनेट असते, हॉटेल किंवा टॅक्सीवाल्याला फोन करण्यासाठी क्रमांक मिळत नाही. अशी अनेक ई-सिम स्वतःच रोमिंगवर चालतात, म्हणून त्या ई-सिमचे डेटा रोमिंग सुरू आणि भारतीय सिमचे बंद, असा उलटसुलट वाटणारा मेळ घालावा लागतो. घाईत नेमकी चुकीची कळ दाबली जाते. सेटिंगमध्ये दोन्ही सिमना 'भारत' आणि 'नेपाळ' अशी नावे देऊन ठेवली, तर ही चूक टळते.

ओटीपी, यूपीआय आणि घरचे फोन

भारतीय सिम काढून पाकिटात ठेवावे, असा सल्ला अनेक जण देतात. मी तो देणार नाही. लहानसे सिम हरवण्याची भीती तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे सिम काढून पुन्हा घातले की काही बँकांची आणि यूपीआयची ॲपे नव्याने पडताळणी मागतात. त्या पडताळणीसाठी फोन आपल्या भारतीय सिमवरून एक संदेश स्वतः पाठवतो. तो रोमिंगमधून गेलेला संदेश असतो, त्याचे पैसे पडतात आणि तो वेळेवर पोहोचला नाही तर ॲपच अडकते. आयफोनवर सिमची ओळ बंद-चालू केली तरीही आयमेसेज ही ॲपलची संदेशसेवा सुरू करण्यासाठी असाच एक परदेशी संदेश गुपचूप जाऊ शकतो, म्हणून प्रवासापुरते त्या ओळीचे आयमेसेज आणि फेसटाइम बंद ठेवावे.

भारतीय सिम फोनमध्ये ठेवून ओटीपी घेण्याची रीत अशी: सिम सुरू, सीमेजवळ त्याचे जाळे हाताने निवडले असेल तर ते पुन्हा 'आपोआप' वर, डेटा रोमिंग बंद आणि अनोळखी कॉल न उचलणे. एवढेही नको असेल, तर सेटिंगमधून ते सिम निष्क्रिय ठेवावे आणि ओटीपी मागण्याच्या दोन-तीन मिनिटे आधी सुरू करावे. आधी ओटीपी मागून मग सिम सुरू केले, तर संदेश येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते.

नेपाळात खर्च करताना आता दर वेळी रोख रकमेची गरज राहिलेली नाही. मार्च २०२४ पासून भारतीय प्रवाशांना नेपाळात फोनपे या नावाच्या जाळ्याच्या क्यूआर कोडवर यूपीआयने पैसे देता येतात. हे फोनपे म्हणजे आपल्याकडचे त्याच उच्चाराचे ॲप नव्हे, ती नेपाळी कंपनी आहे. यासाठी आपल्या यूपीआय ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहारांची सोय आधी सुरू करावी लागते, ती घरीच करून ठेवावी. त्यानंतर पैसे देण्यासाठी केवळ इंटरनेट लागते आणि ते नेपाळी सिमचे किंवा हॉटेलच्या वाय-फायचे असले तरी चालते. त्यासाठी रोमिंगच्या इंटरनेटची गरज नाही, मात्र वाटेत फोन बदलून ॲप नव्याने नोंदवू नये.

घरच्यांना एक गोष्ट निघण्याआधी बजावून ठेवावी. आपल्या नेपाळी क्रमांकावर त्यांनी साधा फोन लावला, तर तो ९७७ या देशक्रमांकाचा आयएसडी कॉल असतो आणि भारतातल्या 'अमर्याद कॉल'च्या योजनेत तो धरला जात नाही. आपण रोमिंग वाचवले आणि आईने रोज संध्याकाळी अर्धा तास आयएसडीवर विचारपूस केली, तर घरचा एकूण हिशेब तोट्याचाच होतो. तेव्हा व्हॉट्सॲप कॉलची वेळ ठरवून घ्यावी. फोनमधली 'वाय-फाय कॉलिंग' ही सोय मात्र व्हॉट्सॲप कॉल नव्हे. ती आपल्या भारतीय क्रमांकावरूनच कॉल करते, आणि परदेशातून केलेला असा कॉल रोमिंगमध्ये धरायचा की नाही याचे नियम कंपनीगणिक वेगळे आहेत. विचारून खात्री केली नसेल, तर ती बंद ठेवावी.

पॅक घ्यावेच कधी

रोमिंगचे पॅक नेहमीच वाया जाते असे मी म्हणणार नाही. एक-दोन दिवसांच्या कामासाठी काठमांडूला जाणाऱ्या आणि आपल्या क्रमांकावर येणारा प्रत्येक कॉल घेणे भाग असलेल्या माणसाने सिमच्या खटपटीत पडू नये. पॅक घेताना मात्र त्यातल्या कॉलच्या मिनिटांत येणारे कॉलही मोजले जातात का, मुदत पॅक घेतल्यापासून सुरू होते की पहिल्या वापरापासून, 'एक दिवस' म्हणजे चोवीस तास की मध्यरात्रीपर्यंत, आणि पॅक नेपाळच्या दोन्ही कंपन्यांच्या जाळ्यांवर चालते की एकाच, हे पाहावे. एकाच कंपनीशी करार असेल आणि फोनने दुसरीचे जाळे पकडले, तर पॅक असूनही मूळ दराने पैसे जाऊ शकतात, म्हणून त्या वेळी ती कंपनी हाताने निवडावी. पोस्टपेडच्या जाहिरातीतल्या किमतीवर अठरा टक्के जीएसटी वेगळा असू शकतो.

कैलास-मानसरोवरच्या यात्रेत तर हिशेब पूर्ण उलटतो. तिबेटात गेल्यावर नेपाळी सिम उपयोगाचे राहत नाही, आणि चिनी इंटरनेटवर व्हॉट्सॲप व गूगल चालत नाही. रोमिंगमध्ये मात्र आपले इंटरनेट सहसा आपल्या मूळ कंपनीच्या यंत्रणेतून फिरून येत असल्याने ही ॲपे चालतात. तिथे घरच्यांना खुशाली कळवायची असेल, तर चीनसाठी लागू असलेले लहानसे रोमिंग पॅक घेणे शहाणपणाचे ठरते.

भूतानला जाणाऱ्यांनाही वरची बहुतेक पथ्ये तशीच लागू पडतात. तिथे भूतान टेलिकॉमचे बी-मोबाइल आणि ताशीसेल या दोन कंपन्या आहेत, सीमेवरच्या फुंत्शोलिंगला सिम मिळते, घड्याळ अर्धा तास पुढे जाते आणि नोटेचा दर भारतीय रुपयाइतकाच असल्याने चलनाचा गोंधळ होत नाही. सीमेच्या अलीकडच्या जयगावच्या मुक्कामात फोन पलीकडे जाण्याची शक्यता मात्र सोनौलीइतकीच असते.

परतल्यानंतर

सीमा ओलांडून भारतात आल्यावर नेपाळी सिम बंद करावे, मोबाइल डेटासाठी भारतीय सिम निवडावे आणि जाळ्याची निवड पुन्हा 'आपोआप' वर आणावी. हे शेवटचे विसरले, तर लखनौच्या स्थानकावर उभे राहून 'माझ्याच फोनला रेंज का नाही' असा प्रश्न पडतो. आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा त्याच आठवड्यात बंद करून घ्यावी, म्हणजे आमच्या काकांसारखी वर्षभराने आठवण होणार नाही.

पोस्टपेड ग्राहकांनी पुढची दोन्ही बिले तपशिलासह मागवून पाहावीत, कारण नोंदी उशिरा येतात. न केलेल्या वापराचे पैसे लावलेले दिसले, तर आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि निवारण पटले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. दूरसंचार नियामक म्हणजे ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे पत्रे पाठवून वेळ घालवू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. त्या वेळी सीमेजवळच्या मुक्कामाची पावती, नेपाळात प्रवेश केल्याच्या दिवसाचा एखादा पुरावा आणि निघण्याआधी घेतलेला चॅटचा स्क्रीनशॉट, एवढे कागद एकत्र ठेवलेले असले पाहिजेत. काकांच्या बाबतीत धर्मशाळेची पावती निघाली, सीमेच्या अलीकडच्या गावाची, त्याच तारखेची. कंपनीने त्या रात्रीची रक्कम पुढच्या बिलात वळती केली.